घाटावर दिलेला पलंग

माझ्या हातचं दार घट्ट बसलंय, उघडत नाही, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मी रंध्याला हात लावण्याआधी पंचांग बघतो. आषाढ-श्रावण असेल तर गिऱ्हाइकाला चहा देतो, घरच्यांची चौकशी करतो आणि दसरा झाल्यावर या म्हणून सांगतो. दसरा झाल्यावर कोणी येत नाही, कारण दार आपलं आपण सुटलेलं असतं. मग बाजारात बोललं जातं, मेस्त्रीचो हात लागूक नको, नुसतो शब्द पुरे. मी ते खोडून काढत नाही. धंद्यात इतकं चालतं.

हे शहाणपण मात्र मला बरंच उशिरा आलं. ते येईपर्यंत मालवणच्या पंचक्रोशीतल्या पुष्कळ दारांना, खिडक्यांना आणि एका पलंगाला माझ्यापायी त्रास भोगावा लागला. पलंगाची गोष्ट मोठी आहे. आधी मी या धंद्यात कसा शिरलो ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्याचं कोणाला नवल वाटणार नाही.

मी जन्माने मेस्त्री नव्हे. आमच्या घरात वडील मास्तर, काका मास्तर, आत्याचे यजमानसुद्धा मास्तर. रंधा कोणी धरला तर तो पेन्सिलीला टोक काढायला. मॅट्रिकच्या परीक्षेचं आणि माझं काही जमेना, तेव्हा वडिलांनी मला मुंबईला ओळखीच्या एका फर्निचरच्या कारखान्यात चिकटवलं. तिथे काही वर्षं भुसा खाल्ला, आणि पन्नास सालानंतर मालवणला परत येऊन बाजाराच्या मागच्या गल्लीत स्वतःचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एक कौलारू पडवी, काम करायचं लांब बाक, हाताखाली लागतील तेव्हा एक-दोन माणसं आणि बाहेर ‘मुंबई पद्धतीचे फर्निचर’ अशी पाटी. पाटी मीच केली, मीच रंगवली. पहिल्याच पावसाळ्यात ती फुगून अशी वाकली की ‘मुंबई’ रस्त्याकडे आणि ‘फर्निचर’ गटाराकडे बघू लागलं. माणसाने त्यातून काही बोध घ्यायला हवा होता. मी नवी पाटी केली.

लोकांना वाटतं, झाड तोडलं की लाकूड मेलं. तसं काही नसतं. तोडल्यावर, कापल्यावर, घासून पॉलिश केल्यावरसुद्धा लाकूड हवेतलं पाणी पीत राहतं आणि कोरडी हवा मिळाली की ते सोडत राहतं. पापडासारखंच म्हणा. श्रावणात डबा उघडा राहिला की पापड मऊ पडतो आणि उन्हात ठेवला की पुन्हा कडक होतो. फरक इतकाच, की पापड बिघडला तर तळून खाता येतो, दार बिघडलं तर गिऱ्हाईक आपल्याला तळतं.

यात प्रत्येक लाकडाची तऱ्हा वेगळी. साग शांत, घोटभर पितो आणि गप्प बसतो. आईन जड आणि हट्टी. नीट सुकला नसेल तर पिळवटून असा उभा राहतो की त्याला सरळ करण्यापेक्षा भिंत वाकडी करणं सोपं. आंब्याला पाणी दिसलं की भान राहत नाही. फणस या सगळ्यांच्या मधला, दिसायला पिवळाधमक, कामाला गुणी. पण गुणी माणसासारखाच, गृहीत धरलं तर दगा देणारा. आणखी एक. लाकूड फुगतं ते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. चाळिशीनंतर माझंही तसंच झालं आहे, त्यामुळे आता हा मुद्दा मी शिकाऊ मुलांना पोटावर हात ठेवून समजावतो.

पण तेव्हा मी तरुण होतो, सडपातळ होतो आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. इथल्या एका कचेरीचं दार भर पावसात बसलं. मी गेलो आणि मोठ्या उत्साहाने कड तासून मोकळं करून दिलं. शिमग्याला हेडक्लार्कांनी बोलावणं पाठवलं. दार आणि चौकट यांच्यामधून एक मांजर आत येत होतं; आत येऊन ते साहेबांच्या खुर्चीत बसायचं. हेडक्लार्क कचेरीतल्या मराठीत म्हणाले, “पावसाळ्यात हे दार उघडत नव्हतं, आता लागत नाही. कृपा करून एवढंच सांगा, की वर्षातल्या कोणत्या महिन्यात हे दार म्हणून वापरावं?”

आमच्या शेजारच्या गंगाकाकीचं तर मी नुकसानच करून ठेवलं. तिच्या कपाटाचा एक खण पावसात घट्ट बसायचा. मी एकदा आषाढात तिच्याकडे गेलो असताना, कोणी न सांगता, शेजारधर्म म्हणून तो खण खेचून काढला आणि घासून लोण्यासारखा केला. काकी देवळातून आली, तिने खण ओढून बघितला आणि कपाळावर हात मारला.

“अरे मेल्या, तुका कोणी सांगलेला खण घासूक? पुतणो मुंबैसून चवतीक येता, सगळे खण ओढून बघता. ह्यो एकच खण बसलेलो असता म्हणान माझा सोना ऱ्हवला. आता तो आधीसारखो करून दी!”

घट्ट खण सैल करणं मला येत होतं. सैल खण घट्ट करणं येत नव्हतं. चतुर्थीचे सगळे दिवस काकी त्या कपाटाला पाठ लावून बसून होती, आणि आरतीला उठलीच नाही. लोक म्हणाले, गुडघे गेले म्हातारीचे.

आता पलंग.

शालू माझी धाकटी बहीण. आमच्या इथल्या शाळेत गणित शिकवायला माधवराव म्हणून एक तरुण मास्तर आले. ते घाटावरचे, जतकडच्या एका गावचे. समोरच्या घरात खोली घेऊन राहिले. मालवणच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांच्या सदऱ्यांना बुरशी आली, चपलांना बुरशी आली, बीजगणिताला बुरशी आली. बिचारे रोज सकाळी पुस्तकं घेऊन दारात उभे राहायचे आणि आकाशाकडे बघायचे. शालूला दया आली. ती त्यांची पुस्तकं आणून आमच्या चुलीच्या वर शिंक्यात ठेवू लागली. पुस्तकं वाळेपर्यंत दोघांचं काय ते ठरलं होतं. पुढे त्यांना स्वतःच्या गावाजवळच्याच शाळेत नोकरी मिळाली आणि जाण्याआधी त्यांनी रीतसर मागणी घातली.

वडिलांना मास्तर म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. आई मात्र पदर तोंडाला लावून बसली.

“घाटार? थंय पाणी खंय आसा? चेडू न्हातला कशान?”

शालू म्हणाली, “आये, मी काय म्हस आसंय सारखी पाण्यात बसूक?”

लग्न मार्गशीर्षात करायचं ठरलं. आंदणात पलंग द्यायचा, आणि तो माझ्या हातचा, हे मी जाहीर केलं. आमच्या परसातला जुना फणस मी कापून, फळ्या करून ठेवला होता. त्यातली एक फळी अशी रुंद आणि सोन्यासारखी होती, की ती मी कोणत्याही गिऱ्हाइकाला दाखवलीसुद्धा नव्हती. पलंगाच्या उशाला ती अखंड बसवायची ठरवली. कामाला हात घातला श्रावणात. बाहेर धो धो कोसळत होतं, पडवीच्या भिंतींना ओल आली होती, सरस वाळायचं नाव घेत नव्हता. मी खूष होतो. लाकूड कसं भरल्यासारखं, गच्च वाटत होतं हाताला.

मुंबईच्या कारखान्यातल्या फोरमनने एक गोष्ट माझ्या डोक्यात अक्षरशः टपल्या मारून घातली होती. रुंद फळी चौकटीत बसवायची तर खोबणीत मोकळी सोडायची. खिळा नाही, सरस नाही. तिला आखडायला-पसरायला जागा पाहिजे. हे मला पाठ होतं. पण ते परक्यांच्या फर्निचरचं. बहिणीच्या पलंगात फळी खोबणीत खुळखुळणार? मी खोबणी चारी बाजूंनी सरसाने भरली, वर लाकडी मेखा मारल्या. पायांना पट्ट्या जोडताना कुसवं, म्हणजे एका लाकडाची जी जीभ दुसऱ्याच्या भोकात बसते ती, अशी घट्ट केली की मोगरीने ठोकून बसवावी लागली. कुठे केस शिरेल एवढी फट ठेवली नाही.

माझी बायको कमरेवर हात ठेवून बघत होती. “भैणीच्या पलंगाक इतको सरस! आमच्या खाटीचो पाय अजून विटेर आसा.”

“तो करतंय मगे,” मी म्हणालो. तो पाय अजूनही विटेवरच आहे.

रुखवताच्या दिवशी लोक लाडू बघायचे सोडून पलंग बघायला आले. एकाने मुद्दाम बसून, उठून, पुन्हा बसून बघितलं. एक आवाज नाही. पलंग ट्रकात चढवला, फोंडा घाट चढून गेला, शालूही गेली, आणि मी महिनाभर ओळखीच्या प्रत्येकाला त्या पलंगाचं वर्णन ऐकवत राहिलो. शालूविषयी कोणी विचारलं तर म्हणायचो, बरी आसा, पलंग पण बरो आसा.

चैत्र संपत आला असताना बाबल माझ्या कारखान्यात आला. बाबल सुक्या मासळीचा ट्रक चालवायचा. मिरजेवरून पुढे जतच्या बाजारापर्यंत जायचा. तो नेहमी मोठ्याने बोलायचा. त्या दिवशी आला आणि भुशात चपलेने रेघा काढत उभा राहिला.

“मेस्त्री, तुमच्या शालूच्या सासून माका बाजारात गाठल्यान.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, कोकणात जाताय न्हवं, मग त्यांना सांगा, पलंग आणि पोर दोन्ही घेऊन जावा.”

“म्हणजे? काय झाला काय?”

“ता माका काय म्हायत? माका इतक्याच सांगूक सांगल्यान. पलंग फुटलो असा कायतरी म्हणी होती, आणि पाण्याचा कायतरी. मी उद्या सकाळी परत जातंय. गाडयेत जागा आसा.”

आईला हे लपवणं शक्य नव्हतं. बाबलने सांगितलेलं समोरच्या किल्ल्यावरही ऐकू गेलं असेल. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “पलंग ऱ्हवांदे थंय. चेडू घेऊन ये.” मग भांडी जरा जास्त आवाजात ठेवू लागली. लग्नाला पुरते सहा महिने झाले नव्हते. त्या काळी मुलगी अशी परत आली की ती परतच आली. ती पुन्हा जायची नाही, आणि का आली ते प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवायचा. हे सगळं आईच्या भांड्यांच्या आवाजात होतं. मी हत्यारांची पिशवी भरली. काय करणार होतो ते माझं मलाच माहीत नव्हतं, पण हातात पिशवी असली की माणसाला आपण काहीतरी करायला निघालो आहोत असं वाटतं.

घाट चढलो तोपर्यंत ठीक होतं. पुढे पुढे हवा अशी कोरडी होत गेली की ओठ फुटले. जतच्या अलीकडे ट्रकातून उतरलो तेव्हा माझी हातोडी दांड्यावर डुगडुगत होती. मालवणात तीच हातोडी गच्च होती. दांडा आखडला होता. मी रस्त्यात उभा राहून ती हातोडी हलवून बघितली आणि पलंगाचं काय झालं असेल ते मला तिथेच, पलंग न बघता कळलं. मला घाम आला, पण त्या हवेत तोही लगेच वाळला.

विहीणबाई ओसरीवरच होत्या. उंच, काटक बाई, कपाळावर मोठं कुंकू. मी वाकून नमस्कार केला. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

“या पावनं. ह्यो वास कसला?”

“सुक्या बांगड्यांचा. गाडीत... जागा तिथेच होती.”

“बसा. न्हाई, तिकडं वाऱ्याला बसा.”

शालू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या अर्धा भरलेला होता. वाळली होती पोर. माझ्याकडे बघून हसली आणि लगेच खाली बघू लागली. माधवराव खांबाला टेकून उभे होते. खांब त्यांच्यापेक्षा जास्त बोलला असता.

विहीणबाईंनी सरळ विषयाला हात घातला. “तुमचा पलंग रोज किरकिरतोय. कूस बदलली तर गल्लीला कळतंय. ते सोडा. भर दुपारी आमी जेवायला बसलो हुतो, आन बंदूक उडाल्यागत आवाज झाला. माधवच्या हातातली भाकरी खाली पडली. बघतोय तर उशाची फळी ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तूर फाटलेली. नव्या सुनंचा पलंग! पयल्याच उन्हाळ्यात! लोक काय म्हनत्यात ठावं हाय?”

मी म्हणालो, “लाकूड जरा...”

“थांबा. पलंग मी एक डाव सोडून दीन. पर पानी? हितं आड आटलाय. कोसभर लांबनं आनतोय आमी पानी, डोक्यावर. सकाळी रांजण भरावा आन दुपारी बघावं तर खाली गेल्याला. आदी वाटलं, रांजणच झिरपतोय. मग ध्येनात आलं, मी शेतावर गेले की खाली जातोय. इचारलं तर ही गप. कोकणातली पोर, पान्यात वाढल्याली, लपून दोनदा न्हात असंल. न्हा बाई, पर सांगून न्हा! न सांगता नेलं की आमच्यात त्याला चोरी म्हनत्यात.”

मी पलंग बघतो म्हणालो आणि आत गेलो.

माझा पलंग मला ओळखू येईना. उशाची सोन्यासारखी फळी आडवी चिरली होती. चिरेतून पलीकडची भिंत दिसत होती. दोन्ही कडांनी मी तिला जखडून ठेवली होती, आणि तिला आखडायचं होतं. तिने बिचारीने दुसरं काय करायचं? हात ठेवला तर सगळा पलंग कण्हला. मी पिशवी ठेवून खाली वाकलो, पायाच्या जोडाला बोट लावलं आणि थबकलो. त्या घरात माझी जीभसुद्धा कोरडी होती, आणि जोड ओला होता. गार. चारही पायांचे जोड गार. नाकाशी बोट नेलं तर भिजलेल्या फणसाचा वास.

मागे शालू येऊन उभी होती. हळूच म्हणाली, “दादा, गप ऱ्हव.”

“कित्याक गो केलंस ह्या?”

“होडयेक पाजतत तसा.”

आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. कित्येक महिने वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्या वाळतात, सांधे उघडतात. समुद्रात ढकलण्याआधी तिच्यात पाणी भरून ठेवायचं. फळ्या फुगतात, सांधे मिटतात. शालूने हेच केलं होतं. सासू शेतावर गेली की तांब्याने जोडांना पाणी घालायचं, फडकं गुंडाळायचं, ती यायच्या आत फडकं वाळत टाकायचं. दोन-तीन तास पलंग गप्प बसायचा.

“तुझ्या कामाक रोज नावा ठेवी होती,” शालू म्हणाली. “माका सोसला नाय.”

आता यातला खरा घोटाळा फक्त मला कळत होता. होडी पाण्यातच राहते, म्हणून मिटलेला सांधा मिटलेला राहतो. पलंग पाण्यात राहत नाही. घट्ट भोकातल्या कुसवाला पाणी मिळालं की ते फुगतं, पण भोवती जागा नसते. मग ते स्वतःलाच चिरडून घेतं, आणि वाळलं की पहिल्यापेक्षा बारीक होतं. म्हणजे शालू रोज पाणी घालून तो पलंग रोज थोडा अधिक सैल करत होती. माझी अब्रू वाचवायला चोर ठरत होती, आणि ती अब्रू रोज जास्त किरकिरत होती. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. ज्या अंकात हे छापून येईल त्याची प्रत जतला जाणार नाही अशी व्यवस्था करीन.

मी बाहेर आलो आणि विहीणबाईंसमोर मुंबई पद्धतीचं व्याख्यान सुरू केलं. हवामान, दमटपणा, लाकडाचा गुणधर्म, घाटाखालची हवा, घाटावरची हवा. माधवराव गणित चुकत चाललेल्या विद्यार्थ्याकडे बघतात तसे माझ्याकडे बघत होते. विहीणबाईंनी पुष्कळ वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पावनं, पानी कुटं गेलं ते सांगा.”

मी शालूकडे बघितलं. शालूने मानेनेच नको म्हटलं. खरं सांगावं तर पोर दुष्काळात लाकडाला पाणी पाजणारी वेडी ठरणार. न सांगावं तर चोर.

विहीणबाई उठल्या. माझ्या बाजूने, वास चुकवून, आत गेल्या. पलंगाखाली वाकल्या, पायाला हात लावला. मग दुसऱ्या पायाला. बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा पदराने हात पुसत होत्या.

“आमीबी चाकं भिजवतो की,” त्या शालूला म्हणाल्या. “गाडीची चाकं. उन्हाळ्यात लोखंडी धाव सुटायला लागली की वढ्यात नेऊन टाकतो, फुगून बसत्यात. पर ते वढ्याचं पानी, पोरी. रांजणातलं न्हवं.”

त्या शालूसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मला सांगितलं का न्हाईस? मी खाल्लं असतं का तुला?”

तेव्हा शालू बोलली. त्या घरात इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली असावी, कारण माधवराव खांबापासून सुटे झाले. “तुम्ही दादाच्या कामाला नावं ठेवत होता. मी पाणी घालते म्हणून सांगितलं असतं, तर काम वाईट आहे हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. मग चोर म्हणालात तरी चाललं.”

मला वाटलं, आता संपलं. आता पलंगही गेला आणि पोरही. पण विहीणबाई उंबऱ्यावर बसल्या. एकदम दमल्यासारख्या बसल्या.

“माज्या भावानं लग्नात मला तांब्याची घागर दिली हुती,” त्या म्हणाल्या. “गळकी. लांबनं भरून आणावी, तर घरात येईस्तवर पाठ भिजल्याली आन घागर अर्धी. सासू म्हनायची, एवढा येळ लावून एवढंच आनलंस व्हय? मी वाटंत सांडलं म्हनायची. धांदरट नाव पडलं माजं. मरस्तवर म्हातारी मला धांदरट म्हनत हुती. पर घागर गळकी हाय, हे न्हाई सांगितलं तिला. लाख चिकटवायची मी बुडाला, ती झोपली की.”

माधवरावांना हे ठाऊक नसावं. ते आईकडे बघत राहिले.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा. “तुमी बसून काय राहिला? हत्यारं आनलीत न्हवं? का नुसता वास घिऊन आलाय?”

मी पलंग अंगणात काढला. उशाची फळी सोडवायची तर सरस मऊ करायला गरम पाणी लागतं. ते मागायची माझी छाती होईना. मी कोरड्या पटाशीने खरवडत बसलो. विहीणबाईंनी थोडा वेळ बघितलं, आत गेल्या आणि स्वतः तांब्याभर पाणी तापवून घेऊन आल्या. “सांडू नका,” एवढंच म्हणाल्या. ते तांब्याभर पाणी मी जितकं जपून वापरलं तितकं पॉलिश कधी वापरलं नाही. फळी निघाली. दोन तुकडे होते, त्यांच्या कडा साफ करून एकमेकांना जोडल्या, आणि मग ती खोबणीत मोकळी सोडली, फोरमनने सांगितली होती तशी. कुसवांच्या टोकाला चीर पाडून प्रत्येक जोडात एक पाचर दिली. उन्हाळ्यात जोड सैल झाला की पाचर एक टोला आत. पावसाळ्यात फुगला की एक टोला बाहेर.

“म्हंजी ह्याची देखभाल करावी लागनार,” विहीणबाई म्हणाल्या.

“थोडी.”

“कोन करनार?”

मी हीच वेळ साधली. म्हटलं, “आईने शालूला चार दिवस बोलावलंय. तिला घेऊन जातो. पलंगाचं मग बघू...”

“ती कशाला जातीया?” विहीणबाईंनी माझ्या पिशवीतून हातोडी काढली, दांडा डुगडुगतोय हे बघून तो दगडावर आपटून बसवला आणि हातोडी शालूच्या हातात दिली. “पाचरा कोन ठोकनार? माधव? त्याला खडू धरवत न्हाई नीट.”

शालूने हातोडी घेतली. मला म्हणाली, “दादा, आयेक सांग, मी बरी आसंय. दिवाळेक येतंय.” आणि लगेच पलंगाच्या एका पायाशी बसून पाचर ठोकून बघू लागली. तिने मारलेला पहिलाच टोला माझ्यापेक्षा नेमका बसला, हे मी बघितलं नाही असं दाखवलं.

मालवणला उतरलो. आई ओटीवर, बायको दारात. दोघींनी आधी माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

“शालू खंय?” बायको म्हणाली.

“थंयच.”

“आणि पलंग?”

“थंयच.”

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत हात घालून चाचपली. “हातोडी खंय?”

“ती पण थंयच. शालूच्या हातात.”

आई उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला, पण साधा, जेवण वाढायचा. बायको मला वरपासून खालपर्यंत बघत उभी होती.

“मगे,” ती म्हणाली, “तुमी तरी परत कित्याक इलास?”